मी न पोचवलेल्या फ्लॉप्या

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खोटं कशाला बोलू – बहुतेक वेळा हसतच वाचतोय. अमुक वळणावर बाई दिसली, तमुक झाडाखाली कुणीतरी हाक मारली, असं कुणी सांगायला लागलं की मी पहिला प्रश्न विचारायचो, "काय घेतलं होतंस?" माझं कामच तसं होतं. कॉम्प्युटरमध्ये माहिती एक तर असते किंवा नसते. 'असल्यासारखी वाटते' हा प्रकार तिथे नाही.

तरी आज लिहायला बसलोय. बायको म्हणाली, "एकदा लिहून टाका. त्या दिवशी काय झालं हे सांगू शकणारी आता आपण दोघं-तिघंच उरलोय." म्हणून.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. मी कर्जतजवळ दहिवलीला राहायचो – अजूनही तिथेच आहे – आणि खालापूर तालुक्यातल्या एका औषधाच्या कारखान्यात नोकरीला होतो. कर्जतहून खोपोलीकडे निघालं, पळसदरी मागे टाकली, की डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या दोन लांब शेड दिसायच्या. तिथे सलाईनच्या बाटल्या बनायच्या. नाव सांगत नाही. कंपनी कधीच बंद पडली, आणि माणसं वाईट नव्हती.

कारखान्यात एक कॉम्प्युटर होता. एकच. त्याला स्वतंत्र खोली, एसी, दाराबाहेर चपला काढायच्या. कोणती बाटली कुठल्या बॅचची, ती कुठल्या ट्रकमधून कुठल्या औषधवाल्याकडे किंवा दवाखान्याकडे गेली, हे सगळं त्यात भरलेलं असायचं. मी त्या खोलीचा प्रमुख. माझ्या हाताखाली सुधीर – तिशीचा, हुशार, कामाला वाघ. आम्ही दोघंच.

तेव्हा सगळ्यांना वाटायचं, कॉम्प्युटर आला म्हणजे काळजी मिटली. माझी मात्र काळजी तिथूनच सुरू झाली होती. मशीन बंद पडलं तर? म्हणून रोज संध्याकाळी सगळी माहिती फ्लॉप्यांवर उतरवून ठेवायची – बॅकअप. आजच्या मुलांना फ्लॉपी म्हणजे काय ते सांगावं लागतं... काळ्या प्लास्टिकच्या चौकोनी पाकिटातली पातळ चकती, हातात धरली तर वाकायची. दमट हवेने बुरशी धरायची, चुंबकाजवळ ठेवली तर कोरी व्हायची. पावसाळ्यात कर्जतला पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे हिचं काय!

तर माझे तीन सेट होते. एक कॉम्प्युटरच्या खोलीत, एक ऑफिसच्या तिजोरीत, आणि एक कारखान्याच्या आवाराबाहेर. आग लागली, पाणी शिरलं, काहीही झालं तरी तिसरा सेट वाचला पाहिजे. आणि दुसरा नियम असा की फ्लॉपी लिहून झाली म्हणजे बॅकअप झाला असं समजायचं नाही. ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. आमच्या शेजारी पाइपांचा कारखाना होता, तिथे माझा मित्र नाडकर्णी कॉम्प्युटर सांभाळायचा. शनिवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी मी त्याच्याकडे जायचो, त्याच्या मशीनवर फ्लॉप्या वाचून बघायचो, आणि मग मोटरसायकलने थेट भोईर मामांच्या घरी.

भोईर मामा आमच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. भिवपुरी कॅम्पच्या वाटेवरच्या एका वाडीत त्यांचं घर, मागे भाताची खाचरं. घर उंचवट्यावर, कोरडं, आणि माणूस देवासारखा विश्वासाचा. कारखान्याच्या साहेबांनीच त्यांचं नाव सुचवलं होतं. बाहेरचा सेट त्यांच्याकडे घट्ट झाकणाच्या डब्यात, माळ्यावर असायचा. मी नवीन सेट द्यायचो, जुना परत आणायचो. मामी फ्लॉप्यांना 'चकत्या' म्हणायच्या. "चकत्या आल्या गं, चा ठेव," असं सुनेला ओरडून सांगायच्या.

आता त्या आठवड्याबद्दल.

ऑक्टोबर होता. भातकापणी चालू होती. बुधवारी सकाळी माझ्या पोटात उजव्या बाजूला कळ आली ती थांबेचना. कर्जतच्या डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, अपेंडिक्स, लगेच कल्याण गाठा. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. शुक्रवारी ताप चढला. शनिवारी तर मी जवळजवळ शुद्धीवरच नव्हतो. नीट शुद्ध रविवारी सकाळी आली आणि पुढच्या बुधवारी मला घरी सोडलं, टाके अजून काढायचे होते.

गुरुवारी सकाळी दारात कंपनीची जीप उभी राहिली. मला वाटलं, बघायला आलेत. पण केतकर साहेब – आमचे वर्क्स मॅनेजर – आत आले ते बसलेसुद्धा नाहीत. त्यांच्यामागे सुधीर. त्याचा चेहरा बघून मी उशीला टेकलेला सरळ झालो.

"अरविंद, तुला उठवायला नको होतं," साहेब म्हणाले, "पण दुसरा इलाज नाही."

मंगळवारी दुपारी विजांचा पाऊस झाला होता. कारखान्याच्या लाइनवरच वीज पडली. स्टॅबिलायझर उडाला, आणि त्याच्यामागे कॉम्प्युटर. आतून जळल्याचा वास येत होता, सुधीर म्हणाला.

"मग बॅकअप आहे ना?" मी म्हणालो.

साहेबांनी एकदा सुधीरकडे बघितलं.

मग साहेबांनी दुसरी गोष्ट सांगितली. बुधवारी दोन गावांहून ट्रंककॉल आले होते. आमची सलाईन लावली आणि पेशंटला हुडहुडी भरून आली, ताप चढला. दोन्हीकडे बॅच एकच. एक म्हातारे गृहस्थ गेले होते. ते त्या बाटलीनेच गेले की आजाराने, हे नंतरही कधी ठरलं नाही. पण त्या बॅचच्या बाकीच्या बाटल्या कुठे कुठे गेल्यात हे तासाभरात कळायला हवं होतं. माल पाठवल्याच्या चलनांच्या कार्बन कॉपी मुंबईच्या ऑफिसात, गठ्ठे बांधून, न लावलेल्या. माणसं शोधत होती, पण त्यात दिवस जाणार होते. तोवर कुठेतरी, कुणाच्या तरी हाताला ती बाटली लागणार होती...

"फ्लॉप्या घेऊन मी कालच नाडकर्णींकडे गेलो," सुधीर म्हणाला. "एकही वाचत नाहीये. रोजचा सेट नाही, तिजोरीतला नाही. सगळ्या कोऱ्यासारख्या."

"लिहिल्यावर तपासल्या होत्यास?"

"प्रत्येक! शपथेवर सांगतो. एकेक वाचून बघितली, सगळ्या व्यवस्थित होत्या."

"कुठल्या मशीनवर?"

"आपल्याच."

मी विचारलं, मी नसताना मशीनला कुणी हात लावला का? तर गुरुवारी मुंबईहून सर्व्हिसचा माणूस आला होता. फ्लॉप्या वाचायचा-लिहायचा दुसरा ड्राइव्ह गणपतीपासून मोडूनच पडला होता, तो घेऊन गेला, आणि जाताना पहिला उघडून साफ करून गेला.

माझ्या लक्षात आलं. साफ करताना ड्राइव्हमधला लिहिणारा भाग केसभर सरकला असणार. मग तो फ्लॉपीवर जे लिहायचा ते फक्त त्याचं त्यालाच वाचता यायचं – एखाद्या डॉक्टरचं अक्षर त्याच्याच कंपाउंडरला कळावं तसं. आणि कंपाउंडर जळून गेला होता. गुरुवारनंतर सुधीरने दोन्ही सेट आलटून पालटून त्याच मशीनवर पुन्हा लिहिले, म्हणजे त्याच्या आधीचं जे चांगलं होतं तेही पुसलं गेलं. त्याची चूक म्हणता येणार नाही. त्याने सांगितलेलं सगळं केलं होतं. फक्त ते दुसऱ्या मशीनवर वाचून बघणं तेवढं मी कधी त्याच्यावर सोपवलंच नव्हतं, ते मी वाटेत माझं मीच करायचो.

"आणि मामांकडचा?"

"शनिवारी मी गेलोच नाही," सुधीर खाली बघून म्हणाला. "ट्रक उशिरा सुटला. म्हटलं, तुम्ही आल्यावर बघू."

म्हणजे मामांकडे होता तो माझ्याच हातचा, त्याच्या आधीच्या शनिवारचा सेट. तो नक्की वाचला असता. पण ती बॅच बाहेर पडायला सुरुवात झाली होती त्यानंतरच्या सोमवारपासून. त्या सेटमध्ये तिचं नावसुद्धा नसणार.

तरी मी म्हणालो, जाऊ या. निदान सगळ्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते मिळतील, प्रत्येकाला फोन लावता येईल. बायको नको नको म्हणत होती. पोटावर उशी दाबून धरली आणि जीपमध्ये बसलो.

मामांच्या अंगणात भाताची झोडणी चालली होती. लख्ख ऊन पडलेलं. मामांनी मला जीपमधून उतरताना बघितलं आणि हातातली पेंढी खाली ठेवून पुढे आले.

"आता बरं हाय का, अरविंदभाऊ? चेहरा जरा बरा दिसतोय. शनवारी तर बगवत नव्हता."

मला वाटलं, मामा कल्याणला येऊन गेले असतील आणि मला शुद्ध नसेल. म्हणालो, "मामा, तुम्ही दवाखान्यात आला होतात?"

"आमी कशाला? तुमीच आलते नं इथं."

"कधी?"

"शनवारी. चकत्या घेऊन. असं काय करता?"

मी सुधीरकडे बघितलं. सुधीर साहेबांकडे. साहेबांना वाटलं म्हातारा माणूस आहे, शनिवार-शनिवारात घोळ करतोय. ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मामा, तो त्याच्या आधीचा शनिवार. मागच्या शनिवारी अरविंद कल्याणला दवाखान्यात होता. ऑपरेशन झालंय त्याचं."

"आपरेशन?" मामा माझ्या पोटाकडे बघायला लागले.

तेवढ्यात मामी बाहेर आल्या. त्या काही बोलायच्या आतच मामांनी विचारलं, "गो, शनवारी अरविंदभाऊ आलते का नाय?"

"आलते की," मामी म्हणाल्या. "दुपारी. पान वाढलेलं मी, ते टाकून उठले हे. दारातच उभे राह्यले भाऊ. बसा म्हटलं तर बसले नाय. पाणी दिलं, ते पण घेतलं नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही बाजू अशी धरलेली तुमी." त्यांनी आपला हात स्वतःच्या पोटावर उजवीकडे ठेवला. "मी इचारलं बी, दुखतं का? तुमी मान हलवली."

माझ्या ऑपरेशनबद्दल वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. मामींनी हात ठेवला होता तो बरोब्बर टाक्यांवर.

सुधीरने विचारलं, "मोटरसायकलवर आले होते?"

"नाय, चालत. तिकडून, बांधावरनं," मामा म्हणाले. "मला बी नवल वाटलं. आन बोलले तरी काय, दोनच शब्द – ह्या वेगळ्या ठेवा, जुन्यात मिसळू नका. जुन्या मागितल्या पण नाय. तसेच माघारी गेले."

माझी मोटरसायकल त्या सगळ्या आठवड्यात दहिवलीला, अंगणात, साखळी लावून होती.

मामा माळ्यावरून डबा घेऊन आले. आत माझा जुना सेट होता, नेहमीच्या पाकिटात. आणि त्याच्या बाजूला, फडक्यात वेगळा गुंडाळलेला, दुसरा.

मी तो उघडला. आम्ही वापरायचो त्याच बनावटीच्या फ्लॉप्या. प्रत्येकीवर लेबल. लेबलवर शनिवारची तारीख, आणि खाली 'वाचून पाहिले' असं लिहून सही. अक्षर माझं. म्हणजे माझ्यासारखं नव्हे – माझं. मी इंग्रजी सातच्या पोटातून एक आडवी रेघ मारतो, ती होती. सही करताना शेवटचा फराटा वर जातो, तो तसाच होता. साहेबांनी माझ्या हातातून एक फ्लॉपी घेतली, बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि परत दिली.

तुम्ही विचाराल की तेव्हा काय वाटलं. भीती नाही वाटली, ती नंतर आली. तेव्हा फक्त कान बंद झाल्यासारखे झाले. अंगणातली झोडणी चालूच होती, पण आवाज लांबून येत होता. आपण विहिरीत वाकून बघावं आणि आत आपलं डोकं दिसू नये... तसं काहीतरी.

"चला," साहेब म्हणाले. "नंतर विचार करू. आधी चला."

नाडकर्णीने त्याच्या मशीनवरचं काम थांबवून ठेवलं होतं. मी खुर्चीत बसू शकत नव्हतो, मागे उभा राहिलो. सुधीरने पहिली फ्लॉपी घातली. ड्राइव्ह घरघरला. त्या घरघरीवरूनच मला कळलं – वाचतोय. अडखळत नव्हता. एकेक करून सगळ्या वाचल्या. पडद्यावर नावं यायला लागली. सोमवार, मंगळवार... थेट शनिवार दुपारपर्यंत.

सुधीर शेवटच्या नोंदीवर आला आणि थांबला. कीबोर्डवरचे हात त्याने मांडीवर घेतले.

"सर," तो म्हणाला, "ही माझी चूक आहे."

शेवटचा ट्रक शनिवारी दुपारी सुटला होता, मुरुडला. घाईघाईत सुधीरने मुरुडच्या जागी मुरबाड टाकलं. सोमवारी सकाळी त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते दुरुस्त केलं. पडद्यावर मुरबाड होतं.

म्हणजे या फ्लॉप्या शनिवारी तो ट्रक सुटल्यानंतर आणि सोमवार सकाळच्या आत भरल्या गेल्या होत्या. त्या वेळात खोलीला कुलूप होतं, किल्ली गेटवर होती, आणि गेटवर कुणी मागितली नव्हती. मशीनला ड्राइव्ह एकच होता, तोही सरकलेला. त्या ड्राइव्हने लिहिलेली एकही फ्लॉपी नाडकर्णीच्या मशीनवर वाचली जात नव्हती – हा गठ्ठा सोडून. नाडकर्णी शनिवारी कामावर आलाच नव्हता, त्यांचा कारखानाच त्या दिवशी वीज नसल्यामुळे बंद होता. आमच्या कपाटातला फ्लॉप्यांचा नवा खोका नंतर आम्ही बघितला. सीलबंद होता.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा यादी छापली आणि सगळे धावले. साहेब स्वतः फोनवर बसले. जिथे फोन लागला नाही तिथे तार, जिथे तारेचा भरवसा नाही तिथे जीप. या आठवड्यातली सोमवार-मंगळवारची चलनं अजून टेबलावरच होती, त्यात ती बॅच नव्हती. दुपारभर बाटल्या परत येत राहिल्या, किंवा 'बाजूला काढून ठेवल्या' असे निरोप.

मुरुडचा फोन सगळ्यात उशिरा लागला. सुधीरला चूक आठवली नसती तर आम्ही मुरबाडलाच फोन करत बसलो असतो. मुरुडच्या औषधवाल्याने एक खोका जवळच्या एका प्रसूतिगृहाला दिला होता. त्याने माणूस पळवला. तिथे एक मुलगी होती, पहिलटकरीण, बाळंतपणात खूप रक्त गेलेलं. बाटली स्टँडला टांगून झाली होती, नर्स शीर शोधत होती. शीर लवकर सापडत नव्हती म्हणून...

तो औषधवाला नंतर कारखान्यात येऊन भेटून गेला. म्हणाला, मुलगी आणि बाळ दोघं सुखरूप घरी गेली. केतकर साहेब त्या दिवशी खोलीचं दार लावून बराच वेळ आत बसले होते.

त्या गुरुवारी संध्याकाळी मला घरी सोडलं. बायकोने विचारलं, काम झालं का. मी हो म्हणालो. मग तिला विचारलं, "शनिवारी दुपारी तू माझ्याजवळ होतीस?"

"म्हणजे? हलले पण नाही. स्टुलावरच बसले होते."

"मी उठलो होतो? कुठे गेलो होतो?"

ती हसली नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हणाली.

"काय सांगितलं?"

मग तिने सांगितलं. तिने ते माझ्यापासून लपवलं होतं, मी घाबरेन म्हणून. शनिवारी दुपारी जेवणाच्या वेळेला माझा ताप एकदम उतरला. तिला आधी बरं वाटलं. मग हात धरून बघितला तर हात गार. हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या, मी उत्तर देईना. नर्सला बोलावलं. तिने नाडी बघितली आणि डॉक्टरांना आणायला धावली. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे बघितले, पायाच्या तळव्याला काहीतरी टोचलं. श्वास चालू होता, नाडी लागत होती, पण अगदी सावकाश. "झोपलाय म्हणावं तर तसं नाही," डॉक्टर तिला म्हणाले होते. ते इंजेक्शन भरत असतानाच मी डोळे उघडले.

"आणि काय म्हणालो?"

"पाणी मागितलं. घटाघटा प्यायलात. आणि म्हणालात, पाय दुखतात, फार चालावं लागलं. मला वाटलं, तापातलं बडबडणं. आणि एक म्हणालात... 'पोचवल्या.' मी विचारलं काय पोचवल्या, तर परत झोपलात. त्यानंतर मात्र साधी झोप होती."

मला यातलं काही आठवत नाही. तेव्हा आठवलं नाही, आता आठवत नाही. स्वप्नसुद्धा नाही. शुक्रवारी रात्रीपासून रविवारी सकाळपर्यंत माझ्या डोक्यात कोरी जागा आहे.

मी माझ्या परीने शोध घेतला, कारण स्वस्थ बसवेना. सुधीरला तीन वेगवेगळ्या वेळी आडून आडून विचारलं. शेवटी तो रडकुंडीला आला. म्हणाला, "सर, मी केलं असतं तर मीच मोठेपणा घेतला नसता का?" ते खरं होतं. आणि केलं असतं तरी त्या मशीनवर ते होणार कसं? मामांच्या सुनेलाही विचारलं. तिनेही मला बघितलं होतं, खिडकीतून, बांधावरून जाताना. उन्हात. तिला त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं, मी तर दर शनिवारी यायचो. कल्याणच्या डॉक्टरांना भेटलो तेव्हा ते म्हणाले, असं तापात होतं कधीकधी. फ्लॉप्यांचं मी त्यांना सांगितलंच नाही. काय सांगणार?

केतकर साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या सहीचा कागद माझ्या टेबलावर आला – यापुढे प्रत्येक बॅकअप दुसऱ्या मशीनवर वाचल्याशिवाय तो झाला असं समजू नये, आणि हे काम खोलीतल्या प्रत्येकाने शिकून घ्यावं, एकट्या माणसावर सोडू नये. कारण काय, ते त्यात लिहिलं नव्हतं.

काही वर्षांनी भोईर मामा आजारी पडले. मी बघायला गेलो. सकाळची वेळ होती, ओटीवर खाट टाकली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मामी चहा करायला आत गेल्या तसे मामा म्हणाले, "अरविंदभाऊ, त्या टायमाला एक गोष्ट तुमाला सांगितली नाय. तुमच्या बरोबर सायेब होते, म्हणून राह्यली. मग सांगावी का नको, असं करता करता राह्यलीच."

"कुठली?"

"शनवारी तुमी निघालाव तवा मी तुमाला बांधापर्यंत सोडायला आलो. तुमची तब्येत बरी दिसंना म्हणून. तुमी मला माघारी फिरवला. आन बोलले..." मामांना दम लागला. मी थांबलो. "बोलले, मामा, मी परत येईन ना ह्या चकत्या न्यायला, तवा मी इथं आलतो हे मला ठाव नसेल. मला सांगा, पण रागावू नका माझ्यावर. मला खरंच ठाव नसेल."

मामी चहा घेऊन आल्या. मी तो कसा प्यायलो मला माहीत नाही.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो होतो – तापात माणसाचं मन कुठे जातं कुणाला ठाऊक, माझ्या डोक्यात शनिवार म्हणजे मामांचं घर, त्यातून काहीतरी झालं असेल. पण जो बांधावर उभा होता त्याला माझ्याबद्दल माहीत होतं. मी कल्याणला पडलोय, मला काही आठवणार नाही, मी परत येणार आहे, सगळं. आणि मला त्याच्याबद्दल आजतागायत काहीच माहीत नाही.

मामा त्याच वर्षी गेले. ज्यांना याचं उत्तर सापडेल त्यांनी जरूर कळवावं. पण कृपा करून 'मनाचे खेळ' असं लिहू नका. तेच मी स्वतःच स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलाय.